एक प्रत खाली

जीवराम तोताराम भंगाळे जळगावच्या एका सरकारी कापूस खरेदी केंद्रावर सतरा हंगाम ग्रेडर होते. शेतकऱ्याची गाडी फाटकातून आत आली की तिच्यातल्या कापसाची प्रत ठरवायची, चिठ्ठीवर लिहायची आणि पुढची गाडी बोलवायची, हे त्यांचं काम. गाडीचा वरचा कापूस ते पाहतच नसत. वरचा कापूस सगळ्यांचाच चांगला असतो, असं त्यांचं म्हणणं. उजवा हात कोपरापर्यंत गाडीत खुपसायचा, मधून मूठभर कापूस काढायचा, दोन्ही अंगठ्यांच्या चिमटीत धागा ओढून बघायचा, कापूस गालाला लावून ओलावा पाहायचा आणि प्रत सांगायची. सांगितलेली प्रत बदलत नसे. ती बदलावी म्हणून कोणी चहा पाजला तर ते चहा पीत आणि प्रत तीच ठेवत.

त्यांचा एक नियम मात्र कुठल्याही सरकारी परिपत्रकात नव्हता. नात्यातल्या माणसाची गाडी आली की जीवरामभाऊ तिला एक प्रत खाली लावत. उद्या कोणी बोट दाखवू नये, एवढाच हेतू. हे सगळ्या भाऊबंदांना ठाऊक झालं होतं, त्यामुळे भंगाळ्यांचा कापूस दुसऱ्या केंद्रावर जाऊ लागला आणि जीवरामभाऊंना त्याचं हायसं वाटे.

एकोणऐंशी सालच्या पौष महिन्यात त्यांची धाकटी बहीण बेबाबाई नशिराबादहून स्वतः गाडी घेऊन आली. नवरा वना कोल्हे तापाने पडला होता आणि दूरच्या केंद्रापर्यंत गाडी नेणं तिला जमणारं नव्हतं. कापूस पहिल्या प्रतीचा होता. जीवरामभाऊंनी दुसरी सांगितली.  गाडीच्या दांडीवर बसून बेबाबाईने बरोबर आणलेली भाकरी खाल्ली, उरलेली फडक्यात बांधली, चिठ्ठी घेतली आणि गाडी वजनकाट्याकडे हाकली. चिठ्ठीवर सही वनाची लागत होती. वनाने ती घरी अंथरुणात बसून केली आणि सांगितलं, "तुझ्या भावाच्या हाताखालून गेलेल्या कागदावर ही माझी शेवटची सही." तेव्हापासून वना कोल्हे मेहुण्याच्या दारात आला नव्हता.

बहीणभावाचं बोलणं तुटलं नाही, पण ते दोघं भेटत ते वाचनालयात. जीवरामभाऊ गावातल्या एका जुन्या मोफत वाचनालयाचे सभासद होते. बेबाबाई दर बुधवारी नशिराबादहून बसने यायची आणि त्यांच्या कार्डावर एक पुस्तक न्यायची. कार्डावर मिळायचं एकच, म्हणून त्या आठवड्यात जीवरामभाऊ तिथेच बसून वर्तमानपत्रं वाचत. तिला स्वतःचं कार्ड हवं होतं. विवाहित स्त्रीच्या अर्जावर पतीची सही लागे, असा त्या वाचनालयाचा जुना नियम होता, आणि जीवरामभाऊ तिथल्या कार्यकारिणीवर होते. म्हणजे अर्ज पुन्हा त्यांच्याच हाताखालून जाणार. वनाने सही केली नाही. बेबाबाईने अकरा वर्षांत तीनदा अर्ज घरी नेला आणि तिन्ही वेळा सहीविना परत आणला.

नव्वद साली वाचनालयाने 'उद्याचं जग' या विषयावर हौशी लेखकांसाठी कथास्पर्धा ठेवली. कथा चार-पाच पानांची, भविष्यातली किंवा कल्पनेतली. पहिलं बक्षीस आजीव सभासदत्व: मरेपर्यंत दोन पुस्तकं, अर्ज नाही, सही नाही. दुसरं बक्षीस भिंतीवरचं घड्याळ, तिसरं थर्मास.

ही जाहिरात लागली त्या बुधवारी बेबाबाईने फलकापुढे उभं राहून ती दोनदा वाचली आणि भावाला विचारलं, "पानं एका बाजूनं लिहायची की दोन्ही?"

"एका बाजूनं," जीवरामभाऊ म्हणाले. 

परीक्षक दोन ठरले होते. पैकी कॉलेजातल्या प्राध्यापकांची बदली झाली. दुसऱ्या परीक्षकांना आदल्या वर्षीच्या निबंधस्पर्धेतला एक हरलेला माणूस अजून रस्त्यात गाठून जाब विचारत होता, म्हणून त्यांनी नकार दिला. ग्रंथपाल अभिमन महाजन कथांचा गठ्ठा घेऊन जीवरामभाऊंकडे आले.

"मला यातलं काय कळतं?" जीवरामभाऊ म्हणाले.

"वाचनालयातली सगळी पुस्तकं दोनदा वाचलेला माणूस तुम्हीच. आणि तुमची प्रत कोणी बदलू शकत नाही, हे गाव जाणतं."

"अभिमन, यात माझी बहीण आहे."

"असेल. माझा साडू पण असेल. नावं पाकिटात घालून मी चिकटवून टाकलीत. शेजारच्या टायपिंग क्लासच्या पोरींनी सगळ्या कथा टाइप केल्यात, त्यामुळे अक्षरही ओळखू येणार नाही. या जिल्ह्यात कोणाचा कोणी लागत नाही असा परीक्षक हवा तर परदेशातून आणावा लागेल, अन् त्याला मराठी येणार नाही."

जीवरामभाऊंनी गठ्ठा ठेवून घेतला.

कथा तेहेतीस होत्या. त्यांनी एक वही आखली. मधल्या पानाला पन्नास गुण, शेवटाला तीस, सुरुवातीला वीस. वाचायची ती आधी मधून. तिसरं पान उघडायचं, ते वाचून पुढचं जाणून घ्यावंसं वाटलं तर पहिल्या पानावर यायचं. मधे काडीकचरा निघाला तर वरची दोन पानं कितीही पांढरीशुभ्र असोत, उपयोग नाही.

बारा कथांच्या शेवटी नायकाला जाग येत होती आणि आई चहाला हाक मारत होती. त्या बाराही कथांच्या समासात त्यांनी 'ओला' असा शेरा लिहिला. नऊ कथांत गावाबाहेरच्या बंगल्यात एकटा राहणारा पांढऱ्या दाढीचा शास्त्रज्ञ होता आणि नऊही शास्त्रज्ञांचा प्रयोग त्यांच्याच अंगावर उलटला होता. पाच कथांत परग्रहावरच्या तबकड्या मेहरूण तलावाकाठी उतरल्या होत्या. जीवरामभाऊ तिथे रोज सकाळी फिरायला जात. पाच तबकड्या तिथे मावतील का, याचा त्यांनी एकदा अंदाज घेतला. मावल्या असत्या. रावेरकडच्या एका कथेत हातभर लांबीची केळी पिकत होती आणि ती ट्रकमध्ये आडवी भरायची की उभी, यावर लेखकाने एक पूर्ण पान खर्च केलं होतं. त्या पानासाठी त्यांनी तिला सहा गुण वाढवून दिले.

"काय चाललंय चंद्रावर?" त्यांच्या पत्नी लताबाई भाजी निवडता निवडता विचारत.

"ज्वारी पेरलीय."

"पाणी?"

"त्याचं काही लिहिलेलं नाही."

"मग नापास करा."

जीवरामभाऊंनी ती आधीच केली होती.

नवव्या कथेवर ते थांबले. सन दोन हजार साठ. जळगावचं ऊन इतकं वाढलंय की सगळं गाव सरकारने जमिनीखाली हलवलंय. सूर्य फक्त दूरदर्शनवर दिसतो. अशात एक म्हातारी उडदाचे पापड वाळवायला तासभर वर जायची परवानगी मागते. फॉर्ममध्ये 'वर जाण्याचे कारण' असा रकाना आहे आणि 'पापड' हे कारण साहेबाकडच्या यादीत नाही. म्हातारी रोज लाटलेले पापड घेऊन रांगेत उभी राहते. जीवरामभाऊ दोनदा हसले. शेवटी मात्र तो साहेब पापड पाहून आईच्या आठवणीने ढसाढसा रडतो आणि सगळ्या गावाला वर पाठवतो, तिथे त्यांनी पेन्सिलने रेघ मारली. एकूण चौऱ्याहत्तर.

चौदावी कथा त्यांनी सवयीने मधून उघडली आणि तिसऱ्या पानाच्या दुसऱ्या ओळीवर त्यांचं बोट थबकलं. गाडीच्या दांडीवर एक बाई भाकरी खात बसली होती. उरलेली तिने फडक्यात बांधली, चिठ्ठी घेतली आणि गाडी हाकली.

मग त्यांनी पहिल्या पानापासून वाचलं. सन दोन हजार चाळीस. खरेदी केंद्राच्या फाटकावर एक यंत्र बसवलंय. त्याचा लोखंडी हात गाडीत जातो आणि प्रत सांगतो. यंत्र कधी चुकत नाही. पण ते बनवणाऱ्या माणसाला लोकांच्या बोलण्याची भीती, म्हणून त्याने यंत्राला शिकवून ठेवलं होतं की माझ्या नात्यातला कोणी आला तर एक प्रत खाली लाव. तो माणूस मरतो. यंत्र चालूच राहतं. पंचक्रोशीत लग्नं होत राहतात, सोयरिकी पसरत जातात, यंत्र नवी नाती नोंदवत जातं. साठ वर्षांनी त्या मुलखात त्याच्या नात्यात नाही असा माणूस उरत नाही आणि पहिल्या प्रतीचा कापूसही उरत नाही. लोक समजतात, जमिनीचा कस गेला. कथा तिथेच संपत होती. कोणी रडत नव्हतं.

जीवरामभाऊंनी वहीत एक्क्याऐंशी मांडले. तेहेतीस कथांत एवढे गुण कोणालाच नव्हते.

मग त्यांनी चष्मा काढून पुसला. ही बेबीची. त्या दिवशी ती दांडीवर बसून जेवली हे दुसऱ्या कोणाला माहीत असणार? आणि बेबीची असेल तर तिला पहिला नंबर देणार कोण, सख्खा भाऊ. नशिराबादच्या बसमध्ये त्याच दिवशी चर्चा होईल. तिला कार्ड किती हवं होतं ते त्यांना ठाऊक होतं. ते मनात आलं म्हणून तर त्यांची खात्रीच पटली की आपला हात हलका होतोय. त्यांनी एक्क्याऐंशीवर रेघ मारून बाजूला एकाहत्तर लिहिले. दुसरा नंबर. नऊ नंबरची पापडवाली पहिली.

"कोणाची आली पहिली?" लताबाईंनी विचारलं.

"माहीत नाही. पाकीट बंद आहे," ते म्हणाले, आणि ते खरंच होतं.

बक्षीस समारंभ रविवारी दुपारी चार वाजता वाचनालयाच्या सभागृहात झाला. बंद पाकिटं सर्वांसमक्ष व्यासपीठावर फोडायची, अशी तिथली रीत. साठ-सत्तर माणसं होती. पुढच्या रांगेत रोजचे वाचक, त्यांत निवृत्त तलाठी झिपरू आबा, जे वर्तमानपत्रातली निधनवार्ता आधी वाचत. मागे बायकांत बेबाबाई बसली होती. नशिराबादची आणखी दोन-तीन माणसं बाजाराची कामं उरकून आत येऊन टेकली होती.

तिसरा नंबर रावेरच्या केळीवाल्याचा निघाला. त्याने थर्मास घेतला. मग अभिमनने चौदा नंबरचं पाकीट फोडलं आणि वाचलं, "लोटन पुना मोरे, प्रयोगशाळा परिचर, चाळीसगाव."

जीवरामभाऊंना वाटलं, अभिमनने चुकीचं पाकीट उचललं. त्यांनी हात पुढे करून ते घेतलं आणि वरचा आकडा पाहिला. चौदाच होता.

तिशीच्या आसपासचा एक काळासावळा माणूस पायऱ्या चढून वर आला आणि घड्याळाचं खोकं घ्यायला वाकला. जीवरामभाऊंनी त्याला हळूच विचारलं, "दांडीवर बसून भाकरी खाणारी बाई तुम्हाला कुठून सुचली?"

"सुचली नाही, भाऊ. पाहिली." लोटन मोरेने त्यांच्याकडे नीट पाहिलं. शाळेत साहेब लोकांशी बोलतात तशी भाषा त्याने सुरू केली होती, ती तिथेच सुटली. "म्हसावदले मामाकडे व्हतू मी. मामानी गाडी लिसन उनथू. पुढे ती बाईनी गाडी, मांगे मनी. माले बठ्ठं याद शे. मना कापूस कवडी व्हता, डागी अन् किडका, त्याले तुम्ही बरोबर तीच प्रत लावी. ती बाईना कापूस मी हात घालीसन दखेल व्हता, एक नंबर. बहीण शे म्हणीसन खाली लावी, असं रांगमा लोके बोलनात."

रांगेत मागे उभ्या असलेल्या माणसाचा विचार जीवरामभाऊंनी अकरा वर्षांत केला नव्हता.

तेवढ्यात अभिमनने पुढचं पाकीट फोडलं होतं. "प्रथम क्रमांक, कथा क्रमांक नऊ. सौ. बेबाबाई वना कोल्हे, नशिराबाद."

टाळ्या झाल्या. बेबाबाई उठली, पदर सारखा केला आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेने पुढे येऊ लागली. झिपरू आबा शेजाऱ्याला म्हणाले, आणि त्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे ते सगळ्यांनाच ऐकू गेलं, "कापसात बहिणीले खाली पाडलं, कागदात वर काढलं. झाली बरोबरी."

कार्यक्रमपत्रिकेवर पुढे 'परीक्षकांचे मनोगत' होतं. जीवरामभाऊंनी ते दोन पानं लिहून आणलं होतं. त्यात हौशी लेखकांनी चंद्रावर पाण्याची सोय दाखवावी वगैरे सूचना होत्या. ते उठले, पण कागद खिशातच राहिला.

"बेबी, जरा थांब," ते म्हणाले. बेबाबाई वाटेच्या मध्यावर थांबली. "माझ्या वहीत चौदा नंबरला आधी एक्क्याऐंशी गुण आहेत. नऊ नंबरला चौऱ्याहत्तर. चौदा नंबर माझ्या बहिणीची आहे असं मला वाटलं, म्हणून मी दहा काढून घेतले. ती या मोरेंची निघाली. तेव्हा पहिला नंबर मोरेंचा. दुसरा माझ्या बहिणीचा."

 मग झिपरू आबांनी विचारलं, "बहिणीची म्हणून काढले कशापायी? बहिणीची असती तर काय वाईट झाली असती?"

"नाही."

"मंग?"

"सवय आहे," जीवरामभाऊ म्हणाले. "एकोणऐंशी साली हिच्या गाडीला मी दुसरी प्रत लावली. कापूस पहिल्या प्रतीचा होता. मला दिसत होतं."

एवढं बोलून ते खाली बसले. अध्यक्ष एक निवृत्त मुख्याध्यापक होते. दिलेले गुण बदलता येतात का, असं त्यांनी अभिमनला विचारलं. अभिमनने नियमांचा कागद काढला. त्यात परीक्षकाचा निर्णय अंतिम राहील असं होतं. परीक्षकाने दोन निर्णय दिले तर कुठला अंतिम, हे नव्हतं. शेवटी नंतरचा धरायचं ठरलं.

बेबाबाई अजून वाटेतच उभी होती. "भाऊ, मंग मी पुढं येऊ की मागं बसू?"

"ये. दुसऱ्याला ये."

ती वर गेली. लोटन मोरेने घड्याळाचं खोकं तिच्या हातात दिलं आणि स्वतः आजीव सभासदत्वाचं कार्ड घेतलं. ते कार्ड तिला देऊन टाकता येईल का, असंही त्याने विचारलं, कारण तो चाळीसगावहून पुस्तकं बदलायला थोडाच येणार होता. अभिमनने कार्डाच्या मागचा मजकूर त्याला दाखवला. कार्ड दुसऱ्याच्या नावावर होत नव्हतं.

समारंभ संपल्यावर बहीणभाऊ समोरच्या हॉटेलात चहाला बसले. मधे खोकं.

"कुठं कमी पडली?" बेबाबाईने विचारलं.

"शेवटच्या पानावर साहेब रडतो."

"माणसं रडतात."

"फॉर्म तपासणारा साहेब रडत नाही, बेबी. फार तर उद्या या म्हणतो."

तिने बशीत चहा ओतला. "खरंच कमी होती ना? की आतापण एक प्रत खाली?"

"खरंच सात गुणांनी कमी होती."

"मंग काही नाही." ती थोडा वेळ चहा पीत राहिली. "घड्याळ हाये घरी एक. आता दुसरं झालं. पुस्तक तुझ्याच कार्डावर नेईन. पण तू मधल्यामधे कोणतंही नको देऊ. मागच्या बुधवारी भुईमुगावरचं दिलं होतं."

जीवरामभाऊंनी मान डोलावली. तिचं कार्ड त्यांच्याच हातून दुसऱ्यांदा गेलं होतं. पहिल्या वेळी, कापसाच्या चिठ्ठीपायी गेलं तेव्हा, त्यांच्यापाशी द्यायला कारण नव्हतं. या वेळी होतं. कारण असलं म्हणजे बरं वाटेल, अशी त्यांची समजूत होती. तसं काही त्यांना त्या दिवशी वाटलं नाही.

त्या बुधवारी बेबाबाई आली नाही. घरी उडीद दळायचे होते, असं नंतर कळलं. पुढच्या बुधवारी आली तेव्हा तिच्या मागे दोन पावलांवर वना कोल्हे होता. टोपी, धुतलेला सदरा, हातात पिशवी. सभागृहातली नशिराबादची माणसं समारंभाच्या दिवशीच शेवटच्या बसने घरी पोचली होती आणि त्यांनी वनाला ओटीवर बसून शब्दन्‌शब्द सांगितला होता. बेबाबाईचं म्हणणं, त्याने तो तिघांकडून वेगवेगळा वदवून घेतला आणि तिन्ही सारखे निघाले तेव्हा कुठे तो जेवायला उठला.

वनाने मेहुण्याकडे पाहिलं नाही. तो सरळ अभिमनच्या टेबलाशी गेला. "सभासदाचा अर्ज हाये ना? कुठी सही लागते?"

अभिमनने अर्ज पुढे सरकवला. वनाने तो वरपासून खालपर्यंत वाचला, मागची बाजूही वाचली, आणि सही केली. मग बेबाबाई कपाटांकडे गेली. दोघा पुरुषांना बसायला वाचनाच्या टेबलाजवळ समोरासमोरच्याच खुर्च्या रिकाम्या होत्या.

वनाने पिशवी मांडीवर घेतली.

"पह्यल्या प्रतीचा होता म्हणे," शेवटी वना म्हणाला.

"होता."

"मी तर म्हणतो पह्यलीच्याही वर होता. त्या साली आमच्या शिवारात तसा कापूस कोणाकडेच नव्हता."

जीवरामभाऊंनी क्षणभर विचार केला. हो म्हणायला काही लागत नव्हतं. केंद्रावर त्या वेळी पहिलीच्या वरची प्रतही होती. पण त्यांना तो धागा आठवत होता, चिमटीत ओढलेला.

"वर नव्हता," ते म्हणाले. "पहिलाच होता."

वनाने त्यांच्याकडे अकरा वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं. मग त्याने टेबलावरचं वर्तमानपत्र ओढलं, मधली पानं काढून मेहुण्याकडे सरकवली आणि बाहेरची स्वतःला ठेवून घेतली. बेबाबाईला पुस्तक निवडायला पाऊण तास लागला. तोवर दोघं वाचत बसले होते.